भुऱ्याची नोंदवही

स्मरणिकेसाठी शाळेतील एखादी आठवण लिहून पाठवावी, असे पत्र आले तेव्हा १९९७ सालच्या दहावीच्या तुकडीतले आम्ही अकरा जण एकमेकांच्या संपर्कात होतो. कोणी गणिताच्या सरांविषयी लिहावे म्हणाला, कोणी भोजनगृहातल्या मावशींविषयी. पण बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबत होते. म्हणून हा लेख वसतिगृहातल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याविषयी आहे. त्यात आमचा मोठेपणा फारसा नाही. तो असता तर लिहिण्याची एवढी निकडही कदाचित वाटली नसती.

भुऱ्या शाळेत कसा आला हे आम्ही आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले होते. १९८३ च्या पावसाळ्याआधी वसतिगृहाच्या पहिल्या खोल्यांवर पत्रे चढत होते, तेव्हा गवंड्यांच्या मागोमाग आलेले ते पिल्लू काम संपल्यावर इथेच राहिले. मावशींनी त्याला भाकरी घातली, रंगावरून नाव ठेवले आणि त्याचा मुक्काम कायम झाला. आम्ही पाचवीत आलो तेव्हा तो भर उमेदीत होता. नवीन मुलगा आला की त्याचा एकदा वास घ्यायचा आणि त्यानंतर त्याच्यावर कधीही भुंकायचे नाही, हा त्याचा नियम होता. शनिवारी घरी निघालेल्या मुलाला तो एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला जाई आणि गाडी सुटली की एकटाच परत येई. जेवणासाठी लोखंडी रुळाचा तुकडा वाजवत. त्याचा पहिला ठोका पडताच भुऱ्या भोजनगृहाच्या तिसऱ्या पायरीवर हजर असे. चौथ्या पायरीवर तो कधी चढला नाही. रखवालदार दादा म्हणत, "पगार मला मिळतो, पण पहारा तो करतो."

आम्ही दहावीत गेलो आणि त्या पावसाळ्यात भुऱ्या बदलू लागला. बदल इतका सावकाश झाला की तो कोणत्या दिवशी सुरू झाला हे आम्हांला सांगता येत नाही. आधी तो जेवणाच्या ठोक्याला येईनासा झाला. हाक मारली तरी मान वळवीना. मग ओळखीच्या मुलांवर गुरगुरू लागला. ज्या व्हरांड्यात त्याने तेरा वर्षांत कधी घाण केली नव्हती, तिथे सकाळी लघवीचे ओघळ दिसू लागले आणि ते पुसण्याची पाळी आमच्यावर आली. दिवसभर तो निंबाखाली झोपून राही आणि रात्री दिवे मालवले की उठून फेऱ्या घाली. मध्येच कोपऱ्यात शिरे, भिंतीकडे तोंड करून उभा राही आणि भुंकत सुटे. भिंतीपलीकडे कोणीही नसे.

या प्रत्येक गोष्टीला आमच्यापाशी एकेक शब्द तयार होता. हाकेला ओ देत नाही, म्हणजे माजला. व्हरांड्यात घाण करतो, म्हणजे खोडी काढतो. दिवसा झोपतो, म्हणजे आळशी झाला. गुरगुरतो, म्हणजे चिडका झाला. हे शब्द आम्हांला सहज सुचले, कारण मोठी माणसे आमच्याविषयीही असेच शब्द वापरत आणि तेही आम्हांला फारसे काही न विचारता.

आमचे ते वर्ष कसे होते हेही सांगितले पाहिजे. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेला पहिलाच मुलगा म्हणजे आम्ही होतो. रात्री अकरापर्यंत अभ्यास आणि पहाटे साडेचारला पुन्हा उठणे. मधल्या साडेपाच तासांत भुऱ्या तीन-तीन वेळा जागे करी. दिवाळीच्या सुट्टीनंतर थंडी वाढली आणि भुंकणेही वाढले. एका रात्री आमच्यातला एक जण उठला, हौदातल्या गार पाण्याची बादली त्याने भुऱ्याच्या अंगावर ओतली आणि पळणाऱ्या भुऱ्यामागे दोन दगड भिरकावले. एक दगड लागला. तो मुलगा कोण, हे आम्ही आजही कोणाला सांगत नाही. त्याला पाठीशी घालायचे आहे म्हणून नव्हे. बाकीचे आम्ही खिडकीतून पाहत होतो आणि पाणी पडल्यावर हसलो होतो, म्हणून.

त्यानंतर चारच दिवसांनी ती घटना घडली. पाचवीतला एक मुलगा, नव्यानेच आलेला, दुपारच्या जेवणातली अर्धी भाकरी घेऊन निंबाखाली गेला. झोपलेल्या भुऱ्याला उठवावे म्हणून त्याने मागच्या बाजूने त्याच्या कमरेवर हात ठेवला. भुऱ्या दचकून वळला आणि त्याचा दात मुलाच्या मनगटावर ओरखडा काढून गेला. रक्ताचे दोन थेंब आले. मावशींनी हात साबणाच्या पाण्याने बराच वेळ धुतला आणि अधीक्षक सरांनी मुलाला लगेच ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे इंजेक्शने सुरू झाली. आता ही लस दंडात देतात. त्या काळी ती पोटात टोचत आणि चौदा इंजेक्शनांच्या नुसत्या उल्लेखाने मुलांचे चेहरे उतरत.

'कुत्रा पिसाळला' हा शब्द संध्याकाळपर्यंत सगळीकडे झाला होता. आम्ही त्याच रात्री अर्ज लिहिला. विषय: पिसाळलेल्या कुत्र्याचा बंदोबस्त करणेबाबत. त्यात भुऱ्याचे सर्व गुन्हे क्रमाने मांडले होते. वर्गात ज्याचे अक्षर सर्वांत सुंदर, त्याने तो लिहिला आणि खाली आम्हां चौतीस जणांच्या सह्या झाल्या. 'बंदोबस्त' म्हणजे काय हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. ते न लिहिता भागते म्हणूनच तर तो शब्द वापरला होता.

अधीक्षक सरांनी अर्ज भन्तेजींकडे दिला. दुसऱ्या दिवशी सायंकाळच्या वंदनेनंतर भन्तेजींनी त्यावर काहीच भाष्य केले नाही. त्यांनी कुक्कुर जातकाची कथा सांगितली. राजाच्या रथाचे चामडे रात्री पावसात भिजते आणि कुत्री ते कुरतडून खातात. राजा संतापून नगरातली सगळी कुत्री मारण्याची आज्ञा देतो. राजवाड्यातली कुत्री मात्र त्यातून वगळलेली असतात. तेव्हा स्मशानात राहणारा कुत्र्यांचा नायक निर्भयपणे राजापुढे जातो आणि चौकशी झाली आहे का, असे विचारतो. चौकशीअंती चामडे राजवाड्यातल्याच कुत्र्यांनी खाल्ले होते असे निघते.

कथा आम्हांला आवडली, पण ती लागू पडत नाही असेच आम्ही खोलीवर जाऊन बोललो. जातकातली नगरातली कुत्री निर्दोष होती. आमचा भुऱ्या नव्हता. व्हरांडा त्यानेच घाण केला होता आणि चावलाही तोच होता. कोणी केले, याची चौकशी करण्यासारखे काही उरलेच नव्हते. का केले, हाही चौकशीचाच भाग असतो, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर मोटारसायकलवरून आले आणि त्यांनी आधी अर्ज वाचून घेतला. मग विचारले, "हे सगळे केव्हापासून चालले आहे?"

"पाच-सहा महिने झाले, सर."

"पिसाळलेले जनावर पाच-सहा महिने काढत नाही, पोरांनो. लक्षणे दिसू लागली की थोड्याच दिवसांत ते मरते. तरी नियम आहे तो आहे. दहा दिवस याला वेगळे ठेवायचे. हात लावायचा नाही, ताटली काठीने आत सरकवायची. आणि हा काय करतो ते वेळ घालून लिहून ठेवायचे. अर्ज कोणी लिहिला? अक्षर चांगले आहे. नोंदीही त्यानेच लिहायच्या, बाकीच्यांनी पाळ्या लावून बसायचे."

सरपणाची खोली रिकामी करून भुऱ्याला तिथे ठेवले. शंभर पानी वही आणली. खिडकीबाहेर एक बाकडे ठेवले आणि रात्रीसाठी कंदील. सुरुवातीच्या नोंदी आमच्या अर्जासारख्याच होत्या: 'रात्रभर त्रास दिला', 'मुद्दाम घाण केली'. तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गेले आणि 'मुद्दाम' या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ ओढली. "हे तुला दिसले की वाटले? दिसले तेवढेच लिही."

दिसले तेवढेच लिहायचे ठरवल्यावर वेगळेच दिसू लागले.

लघवीची नोंद घ्या. झोपेतून उठताना भुऱ्या पुढचे पाय रोवी आणि मागचा भाग उचलू पाही. पहिल्या खेपेला तो बसे, दुसऱ्या खेपेला घसरे आणि तिसऱ्या खेपेला उभा राही. तोवर खाली ओले झालेले असे. तो बाहेर जाण्यासाठीच उठत होता, एवढेच की पोहोचत नव्हता. मग तो दाराशी जाऊन उभा राही, पण दार उघडते त्या बाजूला नव्हे. बिजागरीच्या बाजूला नाक लावून तो दहा-दहा मिनिटे वाट पाही. तेरा वर्षे दारांतून ये-जा केलेल्या कुत्र्याला दार कोणत्या बाजूने उघडते हे आठवत नव्हते.

ठोक्याचीही नोंद झाली. रूळ वाजला तरी त्याचा कान हलत नसे. भाकरीची ताटली खिडकीपाशी आणली की मात्र नाक वर होई. म्हणजे त्याने आमच्या हाकांकडे दुर्लक्ष केले नव्हते. हाका त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हत्या. गुरगुरणे दहा दिवसांत नऊ वेळा झाले आणि नऊही वेळा कोणीतरी डाव्या बाजूच्या झरोक्यापाशी अचानक आलेले होते. समोरून गेलेल्यावर तो एकदाही गुरगुरला नाही. भुंकणे दिवे मालवल्यावर सुरू होई. पण सातव्या रात्री पाळीवरच्या मुलाने कंदील मोठा करून खिडकीत ठेवला आणि तो मोठ्याने इतिहास वाचत बसला. त्या रात्रीच्या नोंदीत लिहिले आहे: 'भुंकला नाही. खिडकीकडे तोंड करून पडून राहिला. ४.१० ला झोपला.' आवाज त्याला ऐकू आला नसावा, पण उजेड होता आणि माणसाचा वास होता.

त्या रात्री वाचला जात होता तो धडा सम्राट अशोकाचा. माणसांसाठी आणि पशूंसाठीही त्याने चिकित्सेची व्यवस्था केली, असे त्याच्या दुसऱ्या शिलालेखात आहे, हे उत्तर आम्हांला तोंडपाठ होते आणि त्याचे पूर्ण गुण मिळत. अंगणातल्या कुत्र्याला डॉक्टर दाखवावा, असे मात्र सहा महिन्यांत आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते.

अकराव्या दिवशी भुऱ्या जिवंत होता, भाकरी खात होता. पिसाळण्याची शंका संपली. डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली आणि मग भुऱ्याला तपासले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. उजव्यात दिसणारी निळसर झाक वयोमानाची होती, त्या डोळ्याने त्याला बरेच दिसत होते. कान जवळजवळ गेले होते. कमरेचे सांधे झिजले होते. ज्या जागी त्या मुलाने हात ठेवला नेमकी तीच जागा दुखरी होती. एक दाढ किडली होती. "आणि या सगळ्यावर डोकेही म्हातारे झाले आहे," ते म्हणाले. "रात्र-दिवस उलटे होतात, दार सापडत नाही, ओळखीचे माणूस ओळखू येत नाही. तो खोड्या करत नाही. तो घाबरला आहे."

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या आणि आम्ही त्या पाळ्या लावून केल्या. सांध्यांसाठी त्यांनी दिलेले औषध भाकरीच्या तुकड्यातून द्यायचे. शहाबादी फरशीवर पाय घसरतात म्हणून तिथे गोणपाट अंथरायचे. रात्री साडेनऊला आणि पहाटे साडेचारला त्याला आधार देऊन बाहेर न्यायचे. पाण्याचे भांडे आणि झोपण्याची जागा हलवायची नाही, कारण डोळ्यांपेक्षा तो सवयीने चालतो. झोपलेला असताना शिवायचे नाही. समोरून जायचे, जमिनीवर पाय आपटायचा म्हणजे हादरा कळतो, आणि आधी हाताचा वास घेऊ द्यायचा. कान आणि डोळे गेले तरी नाक पुष्कळ दिवस साथ देते. रात्री एक कंदील लहान करून ठेवायचा. भाकरी वरणाच्या पाण्यात मऊ करून द्यायची, पण कांद्याचे काही घालायचे नाही.

यातून भुऱ्या पूर्वीसारखा झाला नाही. व्हरांडा अधूनमधून ओला होतच राहिला आणि काही रात्री तो भुंकलाही. पण गुरगुरणे जवळजवळ थांबले. पाचवीतला तो मुलगा महिनाभर निंबाकडे फिरकला नाही. आम्हीही त्याला चल म्हटले नाही, कारण त्याची भीती खरी होती. जानेवारीत एके दिवशी तो आपण होऊन आला, समोर उभा राहून त्याने पाय आपटला आणि लांबूनच भाकरी ठेवून गेला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. निघताना आम्ही एकेकाने भुऱ्यापुढे हात धरला. त्याने वास घेतला. शेपूट हलली असे आम्हांला वाटते. दोघांच्या मते ती वाऱ्याने हलली. यावर आमचे आजही एकमत नाही. मेच्या सुट्टीत, वसतिगृह रिकामे असताना भुऱ्या गेला. मावशींनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेल्या पोस्टकार्डात दोनच ओळी होत्या: तो रात्री झोपेत गेला, आणि कंदील चालू होता.

आमच्यातला एक जण पुढे पशुवैद्यक झाला. या अवस्थेला आज स्वतंत्र नाव आहे आणि तिच्यावर संशोधन झाले आहे, हे त्याच्याकडून आम्हांला कळले. माणसाच्या अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाचे जे प्रथिन साठते, तेच अशा म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही साठलेले आढळते. २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली. अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत अशा बदलांचे किमान एक लक्षण होते. सेलेजिलीनसारखी औषधे काही कुत्र्यांना उपयोगी पडतात, पण आजार मुळापासून बरा होत नाही. आमचा मित्र एक गोष्ट आवर्जून सांगतो. कुत्र्याची वागणूक बदलली की 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. सांधे, दात, डोळे, कान, मूत्रपिंडे आणि मधुमेह आधी तपासून घ्यावेत, कारण यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय असतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला मनाने कधीही देऊ नयेत. त्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. आणि बदल अचानक, एक-दोन दिवसांत झाला असेल तर त्याला हात न लावता आधी डॉक्टरांना बोलवावे.

आता आम्ही पंचेचाळिशीकडे झुकलो आहोत. आमच्यापैकी दोघांच्या घरी रात्री दोनला उठून 'घरी जायचे आहे' म्हणणारे वडील आणि आई आहेत. आईबापांची कुत्र्याशी तुलना करतो आहोत असे कोणी समजू नये. पण पहिल्या वर्षी त्या घरांतही 'मुद्दाम करतात' हाच शब्द ऐकू आला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांपैकी एकाने आम्हांला फोन करून आपल्या वडिलांविषयी बराच वेळ तक्रार केली. ऐकून झाल्यावर ज्याने तेव्हा नोंदी लिहिल्या होत्या त्याने एवढेच विचारले, "हे तुला दिसले की वाटले?" फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर त्या घरी वही आली. काही आठवड्यांनी कळले की वडील दुपारी चार तास झोपतात, आणि संध्याकाळी दिवा लावायला उशीर झाला की बेचैन होतात. आता त्या घरी सूर्य मावळण्याआधी दिवा लागतो.

शाळेला आमची एक विनंती आहे. भुऱ्याची ती शंभर पानी वही आणि आमचा तो अर्ज अधीक्षक सरांनी कार्यालयाच्या कपाटात ठेवला होता. कागदपत्रांच्या आवराआवरीत ते हाती लागले, तर नुसती वहीच काढून ठेवू नये. अर्ज तिच्याच पहिल्या पानाला टाचून ठेवावा. दोन्हींतले अक्षर एकाच मुलाचे आहे आणि मधे फक्त काही दिवसांचे अंतर आहे, हे पुढच्या मुलांना दिसावे.

— १९९७ च्या दहावीच्या तुकडीतील माजी विद्यार्थी